दादाचा आवाज संपल्यावरचं गाणं

आमच्या घरी दादाचा आवाज यायचा तेव्हा आधी चहा व्हायचा. आवाज यायचा म्हणजे कॅसेट यायची. दादा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता आणि पत्र लिहायचा त्याला जन्मजात कंटाळा. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर त्याने दोन ओळींचा निबंध लिहिला होता, त्यातली एक ओळ म्हणजे तारीख. तेव्हा पहिल्याच वर्षी त्याने एक टू-इन-वन घेतला, सुट्टीवर येणाऱ्या बोर्डीच्या एका माणसाबरोबर घरी पाठवला आणि मागोमाग कॅसेट पाठवली. मसोलीत तेव्हा टेपरेकॉर्डर असलेलं आमचं एकच घर होतं, असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आलेय. शेजारच्या जशीबेनचा मुलगा म्हणतो, सात घरांत होते. असतील. पण त्या सात घरांत गाणी वाजायची, आमच्या घरात माणूस वाजायचा.

कॅसेट आली की बाबा ती शर्टाच्या खिशात घालून आणायचे आणि घरी येईपर्यंत दर दहा पावलांना खिसा चाचपायचे. बाबा घोलवड स्टेशनात पार्सल क्लार्क. दिल्लीला जाणाऱ्या चिकूच्या टोपल्या मोजून, शिक्के मारून त्यांचं आयुष्य गेलं. फुटक्या टोपलीतले चिकू घरी यायचे, आणि आमची आई त्यांचं काहीही करायची. चिकूची कोशिंबीर, चिकूचा शिरा, एकदा तर तिने बोंबलाच्या कालवणात चिकू घातला होता. आई हे नाकबूल करून गेली, पण ती चव माझ्या जिभेवर अजून आहे. तर बाबा आले, हातपाय धुतले, चहा झाला की बाहेरच्या खोलीत सगळे बसायचे. जशीबेन स्वतःचा पाट घेऊन यायची. टू-इन-वनवरचं विणलेलं कव्हर आई अशी काढायची की जणू नवरीचा पदर सारतेय. मग बाबा बटण दाबायचे आणि दादा खाकरायचा. हजार मैलांवरून तो खाकरला की आईच्या डोळ्यांना धार लागायची. पुढचं ती काही ऐकायची नाही, खाकरण्यातच तिला मुलगा मिळायचा.

कॅसेट एकच होती. ती यायची, आम्ही ऐकायचो, आणि त्याच कॅसेटवर आमचं उत्तर भरून परत पाठवायचो. त्याच्या आवाजावर आमचे आवाज, आमच्या आवाजांवर पुन्हा त्याचा. नवी का घेतली नाही, असं आज माझी नात विचारते. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं आम्हाला कळत होतं. उत्तर भरायचाही क्रम होता. आधी बाबा, मग आई, मग मी, मग जशीबेन (तिला दादाने खजूर पाठवावेत म्हणून), आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या टेपेत, दादाची बायको. म्हणजे सुनंदावहिनी. तिचं बोलणं ठरलेलं: “इकडे सगळं ठीक आहे. तब्येतीला जपा.” एवढ्या माणसांसमोर नवऱ्याला आणखी काय सांगणार? दादाही तसाच. “सुनंदा बरी असेल” असं म्हणायचा, आणि मग मोकळा श्वास टाकून आंब्याच्या झाडाची चौकशी करायचा.

लग्नानंतर चाळीस दिवसांत दादा मस्कतला गेला. वहिनी आमच्याकडे राहिली, आणि दादापेक्षा मलाच ती जास्त मिळाली. ती तलासरीची. वडील तलाठी, गावोगाव फिरलेले, त्यामुळे तिला मराठीत हिशेब, गुजरातीत बाजार आणि वारलीत भांडण येत असे. डी.एड. झालेली. मला ‘वन्सं’ म्हणायची, मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान असून. आणि माझ्या थापा तिच्याइतक्या चांगल्या कोणी ऐकल्या नाहीत. मी तिला सांगितलं होतं की डहाणूच्या खाडीत एका मोठ्या मुशी माशाने स्टेशनची पितळी घंटा गिळलीय आणि ती अजून पोटात वाजते. आई म्हणाली असती, कुंदे, गप्प बस. बाबा म्हणाले असते, घंटा रेल्वेची मालमत्ता आहे. वहिनीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, “भरतीला वाजते की ओहोटीला?” मी म्हटलं, भरतीला. “मग ओहोटीला काय करते?” मी म्हटलं, झोपते. “कुशीवर झोपत असेल,” वहिनी म्हणाली, “नाहीतर टोला पडायचा.” आणि मग ती हसायची. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या हसण्यासाठी मी रोज एक मासा, एक भूत किंवा एक स्टेशनमास्तर तयार ठेवायचे.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिला पत्र आलं. तलासरीजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची जागा होती. जून महिन्यापासून तिथेच राहायचं, मुलींच्या वसतिगृहाशेजारी एक खोली मिळणार होती. अर्ज तिने कधी केला होता, कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि ते मला फार लागलं. आईने पत्र हातात न घेताच निकाल दिला. “नवरा परदेशात आणि बायको आश्रमशाळेत. म्हणजे हे घर काय धर्मशाळा?” बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “प्रकाशला विचारू. तो म्हणेल तसं.” मग त्यांनी टू-इन-वन जवळ घेतला आणि त्यांच्या ऑफिसच्या आवाजात बोलले: “विषय, चिरंजीव सौभाग्यवती सुनंदा हिच्या नोकरीबाबत. तरी आपले मत त्वरित कळवणे.”

वहिनीने नेहमीप्रमाणे शेवटी “सगळं ठीक” म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, आई जशीबेनकडे पापड लाटायला गेल्यावर, ती माझ्यापाशी आली. “वन्सं, ते लाल बटण कसं दाबतात?” मी दाबून दिलं. ती टू-इन-वनला इतकी चिकटून बसली होती की तिच्या श्वासाने जाळीवर वाफ धरली. म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. पण मला जायचंय.” एवढंच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बंद करा.” मी बंद केलं. तेव्हा तिला काय हवं होतं हे माहीत असलेली जगात दोनच माणसं होती, त्यातला एक मस्कतला आणि दुसरी मी. पुढचं सगळं ऐकताना हे विसरू नका, मी स्वतःलाही विसरू देत नाही.

शाळेने सोमवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. कॅसेट त्याआधीच्या मंगळवारी आली. चहा झाला. दादा खाकरला, आईने पदर डोळ्यांना लावला. उष्मा फार आहे, खोलीत केरळचा एक नवीन माणूस आलाय, तो नारळ घातल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही, पत्र्यावर डांबर मारून घ्या. आमचे चेहरे टू-इन-वनकडे आणि बाबांचे डोळे घड्याळाकडे. शेवटी दादा म्हणाला, “बाबांनी नोकरीचं विचारलंय. तर त्याबाबतीत सुनंदाला सांगा की…” आणि मागून कोणीतरी दार ठोकलं, हिंदीत काहीतरी ओरडलं, दादा म्हणाला, “आया, आया,” आणि खट् झालं.

दोन श्वासांइतकी शांतता. आणि मग गिटार.

ती कॅसेट मुळात दादाच्या खोलीतल्या कोणाची तरी होती, इंग्रजी गाण्यांची. दरवेळी दादाचा आवाज संपला की खालून आमचेच जुने आवाज यायचे आणि बाबा बटण बंद करायचे, त्यामुळे खालची गाणी कधी वर आलीच नव्हती. तिची एकच बाजू आम्ही वापरायचो, दुसरीची कडेची पट्टी कोणीतरी तोडून ठेवली होती, त्यामुळे तिच्यावर काही भरता यायचं नाही आणि ती कोणी कधी लावलीच नाही. या वेळी मात्र दादाचं बोलणं नेहमीपेक्षा लांबलं, तो आमचे सगळे जुने आवाज पुसत गेला, मधे उगाच थांबत, खोकत, आणि शेवटी आम्ही कधी पोचलोच नव्हतो त्या टोकाला येऊन थांबला. तिथे ते गाणं इतकी वर्षं बसून होतं. गिटार आम्ही सिनेमातल्या गाण्यात ऐकलेली, पण ती पाहुण्याच्या मागे पिशवी धरून चालणाऱ्या माणसासारखी. ही एकटी आली होती. तारेच्या कुंपणावरून कोणी काठी ओढत चाललाय, त्याला घाई नाही आणि कुंपण संपत नाही, असा तो आवाज. मग माणूस गायला लागला. गायला कसला, सर्दी झालेला आणि दोन दिवस न जेवलेला माणूस खाली मान घालून बोलतो, तसा. चार ओळी तशा झाल्या आणि ड्रम आले. खाडीच्या पुलावर मालगाडी चढते तेव्हा आधी पायांना कळतं, मग कानांना. तसे ते ड्रम आधी आमच्या पाटांना कळले. आणि त्यावर आणखी एक गिटार, विजेची, करवतीसारखी. करवतीला जर मन असतं आणि ते कोणी मोडलं असतं, तर ती तशी ओरडली असती. माणसाचा आवाज तिच्या मागे मागे वर चढला, चढता चढता फाटला, आणि फाटल्यावर जास्तच सुंदर झाला.

“आ माणस रडे छे के गाय छे?” जशीबेनने विचारलं, म्हणजे हा रडतोय की गातोय.

“ह्याला कोणी मारतंय का?” आई म्हणाली.

बाबांनी निदान केलं, “टेप खराब झाली.” आणि हात पुढे केला.

“बाबा, राहू द्या,” वहिनी म्हणाली. घरात दोन वर्षांत ती बाबांना पहिल्यांदा ‘राहू द्या’ म्हणाली होती. बाबांचा हात हवेतच राहिला. गाणं पुढे चाललं, आणि मग अशी गोष्ट झाली की जी मी आयुष्यात तोवर ऐकली नव्हती. ते संपलं नाही. आमची गाणी कशी, शेवटची ओळ येते, तबला तीन ठोके देतो आणि दार लागतं. हे तसंच चालू राहिलं, गिटार ओरडत, माणूस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत, आणि हळूहळू बारीक होत गेलं. घोलवडवरून न थांबता गेलेल्या मेलसारखं. कधी ऐकू येईनासं झालं ते सांगता येईना. कानात होतं की टेपेत होतं, तेही कळेना.

“वन्सं,” वहिनी हळूच म्हणाली, “हे गाणं संपत नाही. लांब जातं.”

मग तिच्या डोक्यात जे आलं ते कोणाच्याही आलं असतं, जर त्याने दोन वर्षं नवऱ्याचं बोलणं सगळ्या आळीबरोबर बसून ऐकलं असतं तर. सगळ्यांसमोर बोलता येत नाही, म्हणून ह्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि पुढचं गाण्यात ठेवलं. संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापताना तिने मला विचारलं, “तुमचं इंग्रजी एवढं चांगलं. काय म्हणतोय तो?”

माझं इंग्रजी. मॅट्रिकला मला इंग्रजीत त्रेपन्न मार्क होते. आळीत मी त्र्याण्णव सांगितले होते. म्हटलं, “उद्या नीट ऐकून सांगते. अवघड इंग्रजी आहे, विलायतेचं.”

बुधवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी बाबांच्या कपाटातला कव्हर निघालेला शब्दकोश घेतला आणि टू-इन-वनला कान लावला. थापाड्या माणसाचा कान चांगला असतो, त्याला इतरांच्या चुका पकडाव्या लागतात. नऊ-दहा वेळा ऐकलं. अर्धं हातातून निसटलं, पण उरलेलं एवढं सोपं होतं की त्रेपन्न मार्कांतही बसलं. एक माणूस पहाटे घरातून निघालाय. तो त्या बाईला सांगतोय, दारात उभी राहू नकोस. खिडकीतला दिवा काढ. मी ज्या रस्त्याने निघालो तो माझ्या एकट्याचा नाही, तूही निघ. भेटलो तर भेटलो. आणि ती शेवटची ओळ, जी लांब लांब जाते, ती एवढीच होती: माझी वाट बघू नकोस.

मी शब्दकोश मिटला. बाहेर वहिनी वाळत घातलेले बोंबील उलटत होती आणि उलटता उलटता ती चाल गुणगुणत होती, एका दिवसात तिला पाठ झाली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला पुढचा जून दिसला. तांदूळ निवडणारं कोणी नाही. मुशीला कुशीवर झोपवणारं कोणी नाही. आई, बाबा, चिकू आणि मी. लोकांना वाटतं थापा मारणाऱ्याला ऐकणारा कोणीही चालतो. चालत नाही. एकच असतो, आणि तो गेला की बाकीचं नुसतं खोटं बोलणं उरतं.

मी बाहेर गेले आणि तिला सांगितलं, “तो म्हणतोय, उंबऱ्यावर थांब. दिवा लावून ठेव. मी येतोय.” वर माझ्या पदरचंही घातलं, राहवतं कुठे. म्हटलं, समुद्राचंही आहे त्यात, आणि एका पाखराचं. आई आणि जशीबेनलाही मी तेच ऐकवलं.

वहिनीने एक बोंबील पूर्ण उलटला. मग म्हणाली, “बरं.” संध्याकाळी तिने शाळेचं पत्र आणि डी.एड.चं प्रमाणपत्र पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि आईला सांगितलं, “ह्यांच्या मनात नाही. मी नाही जात.” आईने तिच्या ताटात बोंबलाचा मधला तुकडा वाढला. मी पोटभर जेवले. लाज वाटत होती असं लिहायला आज फार बरं दिसेल, पण त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी मागच्या दगडावर मासळी साफ करत होतो. वहिनी गुणगुणत होती, आणि मी सांगितलेला अर्थ तिने मराठीत बांधून त्या चालीवर बसवायला घेतला होता. ‘थांब गं उंबऱ्यावरी’ असं काहीसं. पहिल्या ओळीला बसलं. चाल वर चढायला लागली तशी ती अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली.

“बसत नाही,” ती म्हणाली.

“इंग्रजी चाल आहे, मराठीत कशी बसेल?”

“शब्द बसतात. अर्थ बसत नाही.” तिने विळी बाजूला ठेवली. “थांब म्हणणाऱ्या माणसाचा आवाज असा चढत नाही, वन्सं. थांब म्हणायला आवाज खाली आणावा लागतो. आणि येतो म्हणणारा माणूस जवळ येतो. हा तर शेवटी दिसेनासा होतो.”

“कलाकार लोक असतात, त्यांचं काही सांगता…”

“डाव्या हातातली वेणी सोडा आधी.”

मी बघितलं तर खरंच, खवल्यांच्या हाताने मी वेणी ओढत होते.

“थाप मारताना ओढता तुम्ही.”

“कधीपासून माहीत आहे?”

“लग्नाच्या आठव्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर ओढायच्या थांबला असतात. मग मला कसं कळलं असतं?” ती हसली नाही. “काय म्हणतोय तो?”

मी सांगितलं. दार, दिवा, रस्ता, सगळं. न वाढवता, न सजवता. मला वाटतं आयुष्यात तेवढी एक गोष्ट मी जशीच्या तशी सांगितली असेल. सांगून झाल्यावर म्हटलं, “तू गेलीस तर मी कोणाला सांगू?” आणि रडायला लागले, हात वर धरून, कारण डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते. तिने तिच्या पदराचं कोरडं टोक घेऊन माझे डोळे पुसले. पण “नाही जात” असं ती म्हणाली नाही. मी वाट बघितली. तिने विळी पुन्हा ओढून घेतली.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर खरा अर्थ सांगितला, आणि तेव्हा मला माझ्या धंद्याची खरी किंमत कळली. कोणी विश्वासच ठेवीना. “बुधवारी थांब, शनिवारी जा,” आई म्हणाली. “गाणं तेच ना? का मधल्या दोन दिवसांत त्याचं मत बदललं?” मी देवाची शपथ घेतली. आई म्हणाली, देवाला तुझ्या शपथांचा कंटाळा आलाय. जशीबेनने विचारलं, पाखरू कुठे गेलं? मी म्हटलं, पाखरू नव्हतंच. तिला फार वाईट वाटलं. मग बाबांनी कान लावून गाणं सुरुवातीपासून ऐकलं आणि म्हणाले, “मला इंग्रजी फॉर्मातलं येतं, गाण्यातलं नाही. पण हा माणूस कुठेतरी निघालाय एवढं नक्की. निघालेलं पार्सल मी आवाजावरून ओळखतो.”

“निघालाय तर निघू दे त्याला,” आई म्हणाली. “हिने कशाला?”

तेव्हा वहिनी उठली. टू-इन-वन उचलून स्वतःपुढे घेतला. “आई, त्या गाण्यात काय आहे ते राहू द्या,” ती म्हणाली. “ह्यांचं उत्तर आलंच नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.” आणि मला न विचारता तिने लाल बटण दाबलं.

बाबांनी ऐकून झाल्यावर टेप गाण्याच्या सुरुवातीला आणून ठेवली होती. हे तिच्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. माझ्या आलं. चक्र फिरायला लागलं आणि मला कळलं की ती बोलतेय तसतसं खाली ते गाणं बुडतंय. आधी कुंपणावरची काठी, मग तो सर्दीचा आवाज, मग पूल, मग करवत. मी हात पुढे केला असता तर थांबवता आलं असतं. नाही केला. सगळ्यांसमोर, न अडखळता, माझी वहिनी नवऱ्याशी बोलत होती.

“अहो, मी सुनंदा. सोमवारी तलासरीला जाते. शाळेत हो सांगते आणि जूनपासून राहायला जाते. तिथल्या लहान मुलींना पहिल्या वर्षी मास्तरांची मराठी कळत नाही, म्हणून त्या पळून जातात. मला त्यांचं बोलणं येतं. दर रविवारी इकडे येईन. आईंच्या गुडघ्यांचं तेल मीच लावीन, वन्संना जोर लावता येत नाही. पत्र्याला डांबर मारून घेऊ. तुम्ही तब्येतीला जपा. आणि मला काही सांगायचं असेल तर पत्र लिहा. तलासरीच्या पत्त्यावर. माझ्या नावाने.” मग ती थांबली, पण बटण तिने सोडलं नाही. टेप फिरतेय, बाहेरून एक मालगाडी गेली, तीही भरली गेली असणार. बाजू संपून बटण आपोआप वर आलं.

आई उठून आत गेली. डबे वाजायला लागले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “सुके बोंबील किती देऊ? तिथे काय मिळणार आहे डोंगरात?”

वहिनी पस्तीस वर्षं तिथे होती. शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. दादा परत आला तो मसोलीला न राहता तिच्याकडेच तलासरीला राहायला गेला, आणि त्याने तिला एकूण चार पत्रं लिहिली होती, म्हणजे त्याच्या मानाने ग्रंथच. ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. तिच्या मागे एकदा मी दादाला विचारलं, त्या दिवशी दार ठोकलं नसतं तर तू काय सांगणार होतास? त्याला आठवेना. फार आठवायला लावलं तेव्हा म्हणाला, “‘आई म्हणेल तसं कर’, असंच काहीतरी. आणखी काय सांगणार?” गाण्याचं विचारलं तर म्हणाला, “कुठलं गाणं?”

मी अजून ते शोधतेय. नातीने फोनवर कितीतरी जुनी इंग्रजी गाणी लावून दाखवली. गिटार असते, ड्रम असतात, निघालेले पुरुष तर पुष्कळ असतात, सगळी विलायत कोणाला तरी सोडूनच निघालेली दिसते. मी गुणगुणून दाखवते, नात फोन माझ्या तोंडाशी धरते, फोन विचार करतो आणि भलतंच काहीतरी सांगतो. कधी कधी वाटतं, माझ्या गुणगुणण्यात आता वहिनीचीच चाल उरलीय. ऐकता ऐकता एखादं गाणं शेवटी लांब लांब जायला लागतं, मी हात वर करून नातीला गप्प बसवते, आणि तो आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी निघतो.

त्या वर्षी जूनच्या आदल्या रविवारी मीच वहिनीला पोचवायला गेले. चारोटीला एसटी बदलताना तिची ट्रंक मी एकटीने टपावर चढवली, असं मी सांगते, प्रत्यक्षात कंडक्टर होता आणि दोन हमाल. तलासरीला तिचे वडील आले होते. शाळा म्हणजे कौलारू लांब ओळ, मागे साग, आणि तिची खोली एवढी की ट्रंक ठेवल्यावर एक माणूस आत आणि एक बाहेर उभं राहावं लागे. दोन-तीन मुली कोपऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. वहिनी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि त्या एकमेकींच्या मागे लपून हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

परतीची एसटी पाचची होती. ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, “वन्सं, जाताना एक चांगली थाप सांगा.”

“कसली?”

“सांगा, की मी गेले म्हणून तुम्हाला घरी काही वाटणार नाही.”

मी तोंड उघडलं. मुशी, घंटा, भुतं, स्टेशनमास्तर, सगळे कामाला लागणारे लोक होते माझ्याकडे, त्या वेळी एकही पुढे येईना. शेवटी म्हटलं, “मला काही वाटणार नाही. उलट जागा होईल.” आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तिने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तो नुसता लोंबत होता, वेणीपर्यंत जायचं त्याला सुचलंच नव्हतं.

“फारच वाईट मारलीत,” वहिनी म्हणाली, आणि तिने फाटक लावून घेतलं.